सतरा नंबरची भट्टी

(सामाका गावाबाहेरच्या डोंगरात दगडी कोळसा भाजून त्याचा कोक करायच्या भट्ट्या. सकाळ. जुना भट्टीवाला होर्मिस्दास आणि तिथेच माल तपासणारी त्याची मुलगी नुबिया.)

होर्मिस्दास : या कागदाखाली सही तुझीच आहे ना? मग तोंडाने सांग. ‘सतरा नंबर कच्ची उघडली.’ सांग बापाच्या तोंडावर.

नुबिया : कच्ची उघडली.

होर्मिस्दास : लाज नाही वाटत? या धुरात राबून तुला शिकवली ती काय माझ्याविरुद्ध कागद रंगवायला?

नुबिया : कागद सगळ्याच भट्ट्यांचे लिहिते, बाबा. प्रत्येकीचा कोक दोन मीटर उंचीवरून लोखंडी पत्र्यावर टाकते आणि चाळते. सोळाचा माल टिकला, अठराचा टिकला. तुमचा ढेकळासारखा फुटला.

होर्मिस्दास : फुटणारच! नव्या खाणीचा कोळसा आहे, ओलागच्च. भट्टी आधी पाणीच उकळत बसते, मग भाजणार कधी?

नुबिया : तोच कोळसा कुस्तोदियाबाईंनी सोळात भरला. त्याच दिवशी, तेवढाच. त्यांच्या कोकवर हातोडी मारली की खणखणीत वाजतो.

होर्मिस्दास : कुस्तोदिया! तिला भट्टी लावायला मी शिकवलं.

नुबिया : चांगलं शिकवलंत. त्या बहात्तर तास थांबल्या. तुम्ही पन्नासाव्या तासाला दार फोडायला लावलंत.

होर्मिस्दास : तास मोजतात नवशिके. मी भोकातून ज्योत बघतो. पिवळी, धुरकट ज्योत म्हणजे कोळशात अजून वायू आहे. ती मरून आत स्वच्छ झालं की माल तयार. चाळीस वर्षं असंच करतोय. एक तरी ट्रक परत आला?

नुबिया : या महिन्यात तीन.

होर्मिस्दास : मग माझ्या हाताखालच्या त्या रेइनेलने हवेची भोकं मोकळी सोडली असणार. हवा जास्त लागली की कोळसा घाईने तापतो, फुगतो, पावासारखा पोकळ होतो. तुझ्या पुस्तकात नाही वाटतं हे?

नुबिया : आहे. पण तसा माल हलका आणि चंदेरी दिसतो. तुमचा मधोमध काळा होता, बोटं काळी होत होती. आणि रेइनेलचं नाव घेऊ नका.

होर्मिस्दास : का? अजून जावई नाही झाला तो माझा.

नुबिया : त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत म्हणून! दाराची पहिली वीट त्याने काढली आणि आतला वायू भडकून अंगावर आला. तुम्ही ‘उघड’ म्हणालात म्हणून काढली त्याने.

होर्मिस्दास : बाजूला उभं राहायचं असतं. शंभरदा सांगितलंय. मूर्खच आहे.

नुबिया : आहेच मूर्ख. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

होर्मिस्दास : जीभ आवर.

नुबिया : त्याच्या आईने विचारलं, तुझ्या बापाला दिसतं ना गं नीट? मी कडाकडा भांडले तिच्याशी.

होर्मिस्दास : बरं केलंस.

नुबिया : मग घरी येऊन विचार करत बसले. रविवारी तेहो खेळायला जाणं सोडलंत. चकती फेकण्यात तुमच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. गुडघा दुखतो म्हणालात, पण हा चढ तर रोज चढता.

होर्मिस्दास : पाळत ठेवतेस माझ्यावर?

नुबिया : इकडे या. एकोणीसच्या भोकातून बघा आणि सांगा, कशी आहे ज्योत?

होर्मिस्दास : माझी परीक्षा घेतेस तू?

नुबिया : भीती वाटते का?

होर्मिस्दास : हट. सरक बाजूला... हं. उजेडच उजेड. धुराची रेघसुद्धा नाही. दुपारी उघडा.

नुबिया : बाबा, ही आज पहाटे भरलीय.

होर्मिस्दास : खोटं बोलतेस.

नुबिया : दारावर खडूने वेळ लिहिलीय. वाचा.

होर्मिस्दास : ऊन येतंय डोळ्यांवर.

नुबिया : सावलीत उभे आहात तुम्ही. कधीपासून दिसत नाही?

होर्मिस्दास : नाताळापासून. आधी डावा. आता दोन्ही.

नुबिया : आणि तरी त्याला ‘उघड’ म्हणालात!

होर्मिस्दास : मग काय म्हणायचं होतं? ज्योत न दिसणारा भट्टीवाला म्हणजे फाटकावर बसवलेलं बुजगावणं. त्यापेक्षा मेलेलं बरं. जा, लिही कागदावर. मालक मला काढायची वाटच बघतोय.

नुबिया : कागदावर एवढंच आहे, भट्टी लवकर उघडली. डोळ्यांचं मी लिहिलं नाही, लिहिणारही नाही. ते तुम्ही सांगायचं. मालकाला नंतर. आधी रेइनेलला.

होर्मिस्दास : शिव्या घालेल तो.

नुबिया : घातल्या असत्या तर सोपं होतं. काल मला विचारत होता, ‘माझंच काही चुकलं का गं? म्हाताऱ्याचं तर कधी चुकत नाही.’ मी काय उत्तर देऊ त्याला?

होर्मिस्दास : तू काही देऊ नकोस. चल. आणि माझा हात धरू नकोस. नुसती पुढे चाल, पायरी आली की सांग.