पाण्याचा पट्टा

भागोजी : टोचतो.

बाबल्या : मेल्या, अजून मी बक्कलसुद्धा लावलं नाय!

भागोजी : लावलंस की टोचणारच. हे लोखंडाचं कडं बघ. धावताना बरोबर हाडावर आपटणार.

बाबल्या : लष्करातला पट्टा हाय तो. माझ्या पोराने, लवूने, मुंबईचा बाजार पालथा घालून पाठवला तुझ्यासाठी. आख्खी फौज हा बांधून डोंगर चढली, आणि मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातल्या भागोजीशेठच्या कंबरेला तो टोचतो!

भागोजी : फौज चालते. मी धावतो.

बाबल्या : बरं. आणि तो ताडपत्रीचा? शिंप्याने माप घेऊन शिवलेला?

भागोजी : तो घसरतो. सड्यावर पोचेस्तोवर मांडीवर येतो.

बाबल्या : त्यात ती दारूची चपटी बाटली कशी बसली होती बघ! कंबरेच्या वळणाचीच. देवाने जणू पाणी ठेवायलाच घडवली.

भागोजी : हातखंब्याच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं मला. म्हणतो, काका, सकाळी सकाळीच?

बाबल्या : मग? पाणीच होतं ना आत?

भागोजी : पाणीच होतं. त्याने बूच काढून वास घेतला. परत घेतला. त्याला पटेचना. ट्रकवाले चहाचे कप घेऊन बघायला उभे. आणि तू पलीकडे सायकल धरून हसत होतास.

बाबल्या : मी नव्हतो हसत.

भागोजी : खांदे हलत होते तुझे.

बाबल्या : हसलो तर हसलो. माणसाने हसायचंसुद्धा नाय? पण तुझं आपलं नाचता येईना अंगण वाकडं. गणपती विसर्जन झाले तेव्हापासून पट्टे शिवतोय मी. काल शिंप्याने मला लांबून बघितलं आणि दुकानाची फळी लावून घेतली.

भागोजी : मग नको शिवू. पट्ट्याशिवाय धावतोच हाय की इतकी वर्षं.

बाबल्या : इतकी वर्षं बाटली माझ्या सायकलला लटकत होती! तू नुसता हात बाजूला करायचास, मी बाटली द्यायचो. राजासारखा प्यायचास. आता बुधवारी आम्ही चाललो मुंबईला, लवूकडे, कायमचे. मग हात कोणापुढे करणार?

भागोजी : वाटेत घरं हायत. मागेन पाणी.

बाबल्या : सड्यावर कुठलं घर? नुसता कातळ. चैत्रात पडलास ते विसरलास? डोळे पांढरे केले होतेस. तोंडावर पाणी मारलं तर म्हणतोस, "हिरा, आलो गो." मेलेल्या बायकोला हाक मारतोय बघून माझी पाचावर धारण बसली. मी नसतो तर गेलाच होतास तिच्या मागोमाग.

भागोजी : बरं झालं असतं.

बाबल्या : थोबाड फोडीन. अगो आवडे, चहा आण, ह्याचं डोकं फिरलंय.

आवडाबाई : आणलाय, आणलाय. घ्या भावजी. बसला का तो पट्टा? की आजपण नाय?

बाबल्या : नाय. कडं टोचतं.

आवडाबाई : कडं काढून टाका.

बाबल्या : कडं काढलं तर बाटली कशाला अडकवू, तुझ्या अंबाड्याला? थांब भागोजी, अजून एक हाय. शेवटचा. मागे चुलीवर उकळत ठेवलाय. आणतो. तू हलू नको.

(बाबल्या मागच्या पडवीत जातो.)

आवडाबाई : भावजी, एक विचारू? खरंच टोचतो?

भागोजी : वायच टोचतो.

आवडाबाई : ह्यांनी दोनदा तिकिटं परत केली. तुम्हाला बोलले नसतील.

भागोजी : कसली तिकिटं?

आवडाबाई : एसटीची. दसऱ्याला निघायचं होतं. मी ट्रंका भरल्या, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन आले. तर म्हणाले, भागोजीचा पट्टा झाला नाय अजून. दिवाळीनंतर निघायचं होतं, परत तेच. नातीला आता दात येतायत भावजी. मी तिला फोटोतच बघितलीय. सून काशी कामावर जाते, पोर शेजारणीकडे टाकते. लवूने आमच्यासाठी म्हणून मोठी खोली घेतली, आणि आम्ही इथे पट्टा बसायची वाट बघतोय.

भागोजी : मला नव्हतं ठाऊक वहिनी. देवाशप्पथ.

आवडाबाई : ह्यांना जायचं नाय असं नाय. पोरीचा फोटो उशाखाली घेऊन झोपतात. पण तुम्हाला असं टाकून पाय निघत नाय. तुमच्या कंबरेला नीट पाणी बांधलं की सुटलो, असं त्यांनी मनाशी धरलंय. म्हणून हात जोडते. आता जो पट्टा आणतील तो कसाही असू दे. बसला म्हणा.

भागोजी : खोटं बोलू त्याच्याशी?

आवडाबाई : बोला. पाप माझ्या माथी.

भागोजी : पाण्याचं काय नाय ओ वहिनी. पाणी कुठेही मिळेल. हिरा गेली तेव्हा मला घरात बसवेना. भिंती खायला उठायच्या. म्हणून उजाडायच्या आत चड्डी घालून धावत सुटलो. लोक म्हणाले, भागोजीला लागीर झालं. पोरांनी दगड मारले. तुमचा नवरा एकटा सायकल घेऊन मागे आला. म्हणाला, मला हातखंब्याला काम हाय. त्यानंतर दर रविवारी त्याला हातखंब्याला काम!

आवडाबाई : मला म्हणायचे, ट्रकवाल्यांकडे सायकलचे पार्ट येतात.

भागोजी : एक नट आणला नाय कधी. जाताना बडबडतो, येताना बडबडतो. कोणाची गाय व्याली, कोणाच्या जाळ्यात काय आलं. मला दम लागलेला, मी एक शब्द बोलत नाय. पण ऐकतो. कारखान्यात यंत्राच्या घरघरीत कोणाचं काय ऐकू येत नाय, आणि घरी बोलणारं कोण हाय? आठवड्यात तेवढंच माणसाचं बोलणं कानावर पडतं. खरं सांगतो वहिनी, मला भीती वाटते.

आवडाबाई : ठाऊक हाय मला. म्हणून तर इतकी वर्षं रविवारी ह्यांना अडवलं नाय. आमच्याबरोबर चला म्हटलं असतं...

भागोजी : मुंबईत धावू कुठे? लोकांच्या डोक्यावरून? तुम्ही नका जीव जाळू. म्हणेन मी बसला म्हणून.

बाबल्या : सरा, सरा, गरम हाय! हा बघ. ह्याला बक्कल नाय, कडं नाय, बाटली नाय. पाणी पोटातच.

भागोजी : ही तर ट्यूब.

बाबल्या : सायकलची ट्यूब. कापून एक तोंड दुमडून बांधलं, दुसऱ्याला बूच मारलं. पाणी भरायचं आणि कंबरेला गुंडाळायची. तहान लागली की बूच काढ आणि ओढ. चिंच टाकून उकळलीय, रबराचा वास जायला. वर मऊ कापड शिवलं.

आवडाबाई : अहो! हे माझं लुगडं!

बाबल्या : जुनं होतं गो.

आवडाबाई : जुनं म्हणून काय... असू दे. धुऊन धुऊन मऊ झालंय. बांधा त्यांना.

भागोजी : पण ट्यूब आणलीस कुठून? सायकलचं दुकान तर मालासकट रामाला दिलंस.

बाबल्या : माझ्या सायकलची हाय. पुढल्या चाकाची.

भागोजी : तुझ्या सायकलची कापलीस?

बाबल्या : मग काय, मुंबईला नेऊ? तिथे पहिल्याच दिवशी बसखाली जाईन. आणि इथे ठेवली असती तर बुधवारी बसमध्ये चढायच्या आधी मनात आलं असतं, एक रविवार अजून जाऊ भागोजीसोबत. मग आणखी एक. मला ठाऊक हाय माझा स्वभाव. म्हणून कापली. हात वर कर. श्वास सोड. घट्ट होतोय?

भागोजी : नाय.

बाबल्या : जा मग. त्या वळणापर्यंत धाव आणि परत ये. रमतगमत नको, नेहमीसारखा धाव.

आवडाबाई : निघाले.

बाबल्या : गप. बघू दे मला. त्याचा हात बघ गो. आधीचे पट्टे बांधले की चार पावलांत हात कंबरेवर जायचा. वर ओढ, खाली ओढ. आता बघ, दोन्ही हात मोकळे.

आवडाबाई : मग बरंच झालं की.

बाबल्या : होय. बरंच झालं.

आवडाबाई : मग तोंड का पडलं तुमचं?

बाबल्या : वळणावर गेला बघ. दिसेनासा झाला. मी कायम त्याच्या बाजूला असायचो ना, असा लांब जाताना कधी बघितला नव्हता. किती बारीक झालाय गो हा.

आवडाबाई : येतील आता.

बाबल्या : आला. काय रे? बोल की.

भागोजी : बसला.

बाबल्या : टोचतो कुठे?

भागोजी : नाय.

बाबल्या : घसरतो?

भागोजी : नाय.

बाबल्या : पाण्याला वास?

भागोजी : वायच चिंचेचा. चालेल.

बाबल्या : माझ्याकडे बघून सांग. टोचत असेल तर तसं बोल. एसटी काय, रोज सुटते. आणखी चार दिवस थांबलो तर आभाळ कोसळणार नाय.

आवडाबाई : अहो...

बाबल्या : तू थांब गो. मी त्याला विचारतोय. बोल भागोजी. एक शब्द बोललास तर बुधवार गेला खड्ड्यात.

भागोजी : बसला म्हटलं ना. जा तू. नातीला मांडीवर घे.

बाबल्या : बूच नीट दाबत जा. उन्हाच्या आधी माघारी फिर.

भागोजी : होय.

बाबल्या : कोकणात रेल्वे येणार म्हणतात. आली की काय, रात्री बसलो, सकाळी इथे.

भागोजी : ती येईस्तोवर आपण राहू काय?

बाबल्या : तुला मेल्या चांगलं बोलता येतच नाय. रामाकडे जाऊन येतो. ट्रंका स्टँडवर न्यायला हातगाडी सांगायला हवी.

आवडाबाई : गेले बघा, मागे वळून न बघता. रडत असणार. भावजी, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या शब्दाखातर खोटं बोललात.

भागोजी : नाय ओ वहिनी.

आवडाबाई : काय नाय?

भागोजी : खोटं बोलायचं ठरवून निघालो होतो. सगळी वाट बघत होतो, आता टोचेल, मग टोचेल. परत आलो तरी नाय टोचला. खराच बसलाय.