चाऊस जमादारांची रांग

मंडळी, बसूनच ऐका. माझ्याच्यानं लई बोलणं व्हणार न्हाई. गुडघे गेले, आवाजबी गेला. पण आज न्हाई बोललो तर मग कधी बोलू?

चाऊस जमादार परवा गेले. त्यांचे आजोबा येमेनातून आले, निजामाच्या फौजेत पहाऱ्यावर राहिले. बापानंबी तेच केलं. हे पोलिसात शिपाई लागले, जमादार झाले, अन् जमादारच राहिले. का राहिले, ते सांगायला उभा हाय मी.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं अहमदपूरला होतो. मी ठाण्यातला रायटर, कागद लिहिणारा. विहिरीवर बंदोबस्त त्यांचा. बायामाणसांना उन्हात उभं करायचं न्हाई, घागरी रांगेत ठेवायच्या, ही त्यांची रीत. लाठी कधी उचलली न्हाई. एक दिवस मी आईची घागर गुपचूप पुढं सरकवली. वर्दी होती ना अंगावर! जमादारांनी सगळ्यांदेखत ती उचलली अन् पार शेवटी नेऊन ठेवली.

"अप्पा, तुझी आई ती माझी आई. पण नंबर म्हंजे नंबर."

लोक हसले. माझं तोंड इवलंसं झालं. सांजच्याला तेच जमादार स्वतःच्या वाट्याची घागर खांद्यावर घेऊन आमच्या दारात! आई रोज लिंगपूजा करणारी, दुसऱ्याच्या हातचं पाणी न घेणारी. तिनं शिवाचं नाव घेतलं अन् ते पाणी प्याली. मी प्यालो न्हाई. मी जळत राहिलो.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जागा, नव्या बढत्या. फौजदारकीच्या यादीत त्यांचं नाव आलं. अन् एक निनावी अर्ज गेला. हा माणूस परदेशी, अरबाच्या फौजेतला, भरवशाचा न्हाई. चौकशी लागली, नाव गळालं.

तो अर्ज मी लिहिला. हाव, मीच.

त्यांना कळलं नसंल का? माझं अक्षर ठाण्यात कोण ओळखत नव्हतं? तरी त्या ईदला माझ्या घरी शिरखुर्मा आला. दर ईदला आला. औंदाबी आला. भाभी, तुमच्या हातचं खाऊन मी गप बसलो. लाज वाटते हो. ही लाज वागवून थकलो मी. अन् ज्याची माफी मागायची, तो माणूसच गेला.

चला, आता उभं राहू दोन मिनिटं. मला पुढं बोलावू नका कुणी. मी पार शेवटी उभा राहतो.

जमादारसाहेब, सलाम.