एक डाव तरी

सगुणाबाई – दार लावू नका, भाऊ. बोटं चेमटली तरी मी जात नसते आज.

तात्याराव – वैनी, सांगितलं की. गुडघा दुखायलाय.

सगुणाबाई – बुद्धिबळं गुडघ्यानं खेळत्यात का? गुर्जीला हिथंच आणते, तुमच्या ओट्यावर.

तात्याराव – त्यांचं खेळणं ऱ्हायलंय का आता? उंट सरळ चालवतेत. टोकलं की पट उधळतेत.

सगुणाबाई – उधळू द्या, मी वेचते. तुमी यायचं सोडलं अन् माणूस पार बसलं. काल पिंगळीच्या ठेसनात सापडले. कुठं जायलाव, तर म्हणे शाळेला! मागल्या दुष्काळाच्या साली रिटायर झालेला माणूस.

तात्याराव – एकटेच गेले?

सगुणाबाई – भाकरी थापायलते मी. आज सकाळी मलाच इचारतेत, बाई, तुमी कुणाकडल्या?

तात्याराव – काय सांगता...

सगुणाबाई – परभणीचा डॉक्टर म्हणला, ह्याला दवा न्हाई. डोस्क्याला काम देत ऱ्हावा, टिकंल तेवढं टिकंल. लेकराची नावं गेली, भाऊ, पर सांज झाली की पट मांडून बसतेत. तेवढंच उरलंय. पाया पडते तुमच्या.

तात्याराव – उठा! उठा म्हणतो ना... वैनी, गुडघ्याला काय झालं न्हाई.

सगुणाबाई – ते दिसायलंय मला.

तात्याराव – शेवटच्या डावाला मीबी हत्ती तिरका सरकवला. त्यांनी माझा घोडा मारला, आमी पुढं खेळत ऱ्हायलो. दोघालाबी कळलं न्हाई. घरी जेवाया बसलो तवा ध्यानात आलं, अन् भरल्या ताटावरनं उठलो. गुर्जीसमोर बसलं की माझंच पुढलं दिसतंय मला.

सगुणाबाई – घरात सांगितलं?

तात्याराव – कुणाला सांगू? सून म्हणंल, म्हातारा गेला कामातून.

सगुणाबाई – मंग तर तुमाला आलंच पायजे.

तात्याराव – अन् दोघंबी चुकलो तर?

सगुणाबाई – चुका की. बघणारी मी एकटी, अन् मला कुठं खेळ येतोय? चला.

(गुरुजींची ओसरी. सीताराम गुरुजी पट मांडून बसलेले.)

सीताराम – कोण आपण?

तात्याराव – मी... खेळायला आलो, गुर्जी.

सीताराम – या, बसा. एक डाव होईल. पण आमचा तात्या यायचाय. तो आला की उठावं लागेल तुम्हाला.

तात्याराव – उठतो की. तवर चाला तुमी.