नखाचा तुकडा आन् दुरडीभर भाकरी

माजं म्हायेर मिरजगावाकडलं, दिलं हिकडं शेवगावच्या अंगाला, कपाशीच्या मुलखात. लगीन झालं तवा मी न्हानच हुते. मला काय येत हुतं तर भाकरी. आईनं तेवढंच शिकवलं, पन असं शिकवलं की सासऱ्यानं पयल्या दिशी भाकरीचा पापुद्रा उचलून सगळ्यांना दाखवला. थोरल्या जावंला ते तवाच खुपलं, काय सांगू ताई तुमाला, तवापासनं ती माज्याकडं सरळ बघत न्हाई. तिला बाई म्हनायचं, वाकून पाया पडायचं, समदं केलं म्या, तरी न्हाई.

तर नखाचं. दोन्ही आंगठ्याची नखं हळूहळू जाड व्हाय लागली, पिवळी पडली, वर खड्डे खड्डे, टोकापासनं सुटाय लागली. खुरपताना माती आत जायची, ठणकायचं. गावातल्या डाक्टरनं बुरशी हाय म्हनून गोळ्या दिल्या, मलम दिलं, लई म्हैने खाल्ल्या, काय फरक न्हाई. आन् थोरलीनं बायकांत उठवलं की हा महारोग हाय, मिरजगाववाल्यांनी झाकून दिलीय पोरगी. आता सांगा, लगनाला एवढी वर्सं झाली, नातवंडं झाली, आन् आता झाकून दिली.

आमच्या गावात सप्त्याच्या शेवटच्या दिशी काल्याचं कीर्तन झालं की आमटी-भाकरी आसती. आमटी देवळाफुडं कढईत, आन् भाकरी घराघरातनं. समद्या भाकरी एकाच ढिगात टाकायच्या, कुनाची कुनाला गेली कळाय नको, तेच तिचं पुन्य. त्या वर्सी मी दुरडी घेऊन गेले, ढिगावर पालथी केली, आन् थोरलीनं समद्या गावाच्या बायकांम्होरं माज्या भाकरी एकेक करून उचलल्या, पदरानं धरून उचलल्या हो, आन् गाईम्होरं टाकल्या. कोन आडवं आलं न्हाई. तिचा नवरा, आमचे थोरले दीर आप्पा, सप्त्याचे म्होरके, ते बी कढईत पळी फिरवत राहिले. मी रिकामी दुरडी काखंत घालून घरी आले. रडले न्हाई. त्या दिशी माज्या पोटात जे पेटलं ते अजून इझलं न्हाई, खोटं कशाला बोलू.

मंग मी मालकाला म्हनलं, मला नगरला न्या, चामडीच्या मोठ्या डाक्टरकडं. ती डाक्टरीन बाई हुती, शांत. तिनं नखं भिंगातनं बघितली, म्हनली, महारोग मला वाटत न्हाई, पन नखाचे दोन-तीन आजार दिसाय सारखेच आसतात, पक्कं कळायचं तर नखाखालचा बारका तुकडा काढून तपासाय पाठवावा लागंल. दुखंल, म्हनली, आन् नख पुन्यांदा येताना वाकडं बी येईल, न्हाईतर आधी औषध देऊन बघू. मालक म्हनले औषधच द्या. म्या म्हनलं, न्हाई, कापा. मला बरं व्हायची घाई नव्हती ताई, मला खरं काय ते पायजे हुतं, तिच्या तोंडावर मारायला.

आंगठ्याच्या बुडाला दोन्ही अंगांनी सुया दिल्या, त्याच काय त्या दुखल्या, डोळ्यातनं पानी आलं. मंग रबर आवळलं, आंगठा लाकडावानी झाला. नख उचललं, बारक्या गोल पात्यानं ज्वारीच्या दान्याएवढा तुकडा काढला, बाटलीत टाकला, टाका घातला. डाक्टरीन म्हनली, मावशी तिकडं बघा. म्या म्हनलं मला हिकडंच बघायचंय. घरी येताना भूल उतरली आन् असा ठणका लागला की एसटीत हात वर धरून बसले, पन मनात एकच, थांब तू.

निकालाच्या दिशी मी हट्टानं आप्पांना संगं नेलं. ते माज्याशी सरळ बोलत न्हाईत, रीतच हाय, भिंतीकडं बघून मालकाला सांगत्यात. डाक्टरीनीनं त्यांच्याम्होरं सांगितलं, बुरशी न्हाई, महारोग न्हाई, हा नखाचा सोरायसिस, कुनाला लागत न्हाई, हिच्या हातचं खुशाल खा. आप्पांनी मान हलवली. आन् घरी येऊन बायकूच्या भ्यानं तोंडाला कुलूप. गावात एक अक्षर न्हाई. मी बी गप राहिले. मला ठावं हुतं सप्ता परत येनार.

आला. आन् काल्याच्या दिशी मी चूल पेटवली, दुरडीभर भाकरी थापल्या, फडक्यात झाकल्या आन् घरातच बसले. एका घरची भाकरी ढिगावर आलीच न्हाई तर आमच्याकडं पंगत बसत न्हाई. कीर्तन झालं, मानसं उनात ताटकळली, पोरं रडाय लागली. आप्पा दारात आले, भिंतीकडं बघून मालकाला म्हनले, तुज्या मंडळीला सांग, भाकरी दे. म्या बी भिंतीलाच सांगितलं, जिनं टाकल्या तिनं न्यायला यावं. डाक्टरीन काय म्हनली ते आधी देवळात सांगा, आन् तिला पाठवा, चावडीवरनं, समद्यांच्या देखत.

आप्पांना सांगावं लागलं. आन् थोरली आली. मागं बायकांची रांग. म्या तिला चुलीम्होरं बसवलं आन् ताटात भाकरी दिली, कोरडी, वर मीठ बी न्हाई. तिनं पानी मागितलं, म्या म्हनलं आधी खा. एकेक घास गिळला तिनं. मंग खाली बघून म्हनली, चुकलं माजं.

म्या म्हनलं, बाई, चुकतं ते नकळत. तुमी बघून-सवरून केलं.

दुरडी तिच्याच डोक्यावर दिली. ती घेऊन गेली, पंगत बसली.

आता मलम लावते, नखं कधी बरी, कधी वाईट. कापलेलं नख मधोमध चिरलेलं आलं, राहू दे. बायका म्हनत्यात आता सोडून दे, म्हातारी झालीय ती, गुडघे गेलेत तिचे. न्हाई सोडत. दरसाल दुरडी न्यायला तिनंच यायचं, ते गावानं बी धरलंय आता. मी रोज देवाला हात जोडते ताई, म्हनते, तिला लई आयुष्य दे, माज्याआधी नेऊ नको, आन् माज्या दारापोतर चालायपुरतं बळ तिच्या गुडघ्यात राहू दे.