सुभेदार आन् पंधरा इंग्लिश अंडी

...आन् कुत्र्याचं नाव काय, तर सुभेदार! न्हाई, तुमीच सांगा मला, सतरा वर्सं फौजेत घासली, बर्फात उभा ऱ्हायलो, हवालदार हून पेन्शनीवर घरला आलो, त्र्याहत्तर साल, डोस्क्यावर ट्रंक, आता दारात पोचतोय तवर आतनं आमची मंडळी, राहीबाई, वरडती, "सुभेदार, बगा वो कोन आलंय!" मी ट्रंक खाली टाकली, खाडकन् टाचा जुळवल्या, हात कपाळाला! सुभेदार सायब आमच्या घरात? आन् बाहेर येतंय कोन, तर तांबडं कुत्रं, एक कान मोडल्यालं! त्येला सलाम ठोकला मी! वस्तीला चारी बाजूनं ऊस, म्हणलं बरं झालं, कुणी बगितलं न्हाई. राहीबाईनं बगितलं हुतं.

आता कडेगावच्या शिवारात शंभर कुत्री असतील, मोत्या म्हना, वाघ्या म्हना, कुनाची काय हरकत हाय? सुभेदार कशाला? म्हंजी घरात कुत्रं माज्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर! आन् त्येला काय मान, "सुभेदार, जेवून घ्या. सुभेदार, उनात बसू नगा." मला बी ती 'आवं' म्हनती, मग आमच्या दोघांत फरक कुठं ऱ्हायला? त्यात ती मांजर, ठकी. माज्या मिल्ट्रीच्या कांबळ्यावर झोपायची, मी उठ म्हणलं की एक डोळा उघडून बगायची आन् परत मिटायची. लढाई लागल्यापासनं मला सुट्टीच घावली न्हाई, तेवढ्यात ह्या दोघांनी घराचा ताबा घेतल्याला. म्हणलं थांबा, ह्या घरात आपून कायतरी करून दावायचंच. मिल्ट्रीचा मानूस हाय मी, मला कोन शिकवनार?

तर झालं काय, पेन्शनीच्या कागदासाठनं सांगलीला गेलो. स्टँडाजवळ एक अंड्याचं दुकान. अंडी कसली, एकेक हे एवढं! पांढरंफेक! दुकानदार म्हनला, "पावणं, इंग्लिश अंडी हायत, पोल्ट्रीची." डोस्क्यात एकदम बिगुल वाजला. घरी आपली कोंबडी खुडूक झाल्याली, आठ दीस झालं, रिकाम्या पाटीत बसून गुरगुरती. तिच्याखाली ही अंडी घातली की पंदरा इंग्लिश कोंबड्या! घेतली पंदरा, मफलरीत बांधली, यष्टीत मांडीवर घिऊन बसलो. सांगली ते कडेगाव दोन्ही पाय अधांतरी, खड्डा आला की मी वर, मी वर आलो की अंडी वर! कंडक्टर इचारतो, "काय हाय वो मांडीवर?" म्हणलं, "अंडी." "मग घरला पोचूस्तवर पिल्लंच निगतील की, तिकिट किती काढू?" सगळी यष्टी हसली. हसा म्हणलं, एक अंडं फुटू दिलं न्हाई.

घरी आलो, मफलर उघडली. राहीबाईनं एक अंडं उचललं, उनात धरलं, आन् मला इचारती काय, "आवं, ही अंडी कोंबड्याची हायती का?"

कोंबड्याची! ऐकलासा? आवं मी हसता हसता भिताडाला टेकलो. म्हणलं, "आगं खुळे, कोंबडा कवापासनं अंडी द्याय लागला?" ती म्हनती, "तसं न्हवं वो..." म्हणलं, "तसं न्हाई आन् असं न्हाई! मिल्ट्रीचा मानूस हाय मी, मला शिकवू नगं!" झालं, तिचं बी नाक फुगलं. पदर खवला आन् म्हनली, "मग लागली पैज. पिल्लं निगाली, जगली, आईमागनं सुटून आपली आपून चराय लागली, तर कुत्र्याचं नाव बदलीन. आन् न्हाई झालं तर रोज सकाळी सुभेदाराला सलाम ठोकायचा, त्या दिवशी ठोकला तसाच, टाचा जुळवून." म्हणलं, मंजूर!

आन् मी काय गप बसतोय? गावात गेलो, चावडीम्होरं धा मानसं बसल्याली, त्यास्नी सांगितलं, "आमची मंडळी इचारती, अंडी कोंबड्याची हायती का!" जे हसली म्हनता! शेजारच्या वस्तीवरचा नानासो तर डोळं पुसाय लागला, "हवालदार, परत सांगा की, परत सांगा!" मी परत सांगितलं. तीनदा सांगितलं! म्हणलं बाईमानसाची अक्कल, दुसरं काय.

हिकडं बंदोबस्त चोख. निळ्या पेन्सलीनं अंड्यावर नंबर टाकलं, एक ते पंदरा. पाटीत भुसा, भुश्यावर अंडी, अंड्यावर कोंबडी, आन् कोंबडीवर मी. म्हंजी पहारा वो! ठकी आडव्या चालीनं आली की काठी आपटायची. सुभेदार आला की त्येला बी हाकलायचं, तर ते बेनं चार पावलं मागं सरून तिथंच पुढचं पाय पसरून बसायचं. त्येच्या डोळ्यांत काय वाचता येत न्हवतं. सहाव्या दिवशी भैनीच्या नातवाचं बारसं निगालं रहिमतपूरला, जावं तर लागनारच. म्हणलं, "राहे, चार्ज तुज्याकडं. कोंबडी हलवायची न्हाई." ती म्हनली, "तुमी बिनघोर जावा." इतक्या गोड आवाजात बोलली, मला तवाच वळखाय पायजे हुतं.

एकवीस दीस भरलं. सकाळी आंगूळ करून, मिशीला तेल लावून पाटीम्होरं बसलो. काय न्हाई! ना टकटक, ना चिवचिव. दुपार झाली, दीस कलला, कोंबडी माज्याकडं बगती, मी कोंबडीकडं बगतोय... खरं सांगू? लढाईत बी एवढ्यांदा घड्याळ बगितलं न्हवतं. राहीबाई भाकरी थापता थापता म्हनली, "आणिक सहा दीस थांबा. इंग्लिश हायत न्हवं, लांबनं यायची, येळ लागनारच." म्हणलं, बराबर हाय, मिल्ट्रीची गाडी बी कवा टायमाला आली? मोजून सहाच दीस का म्हनली, हे काय माज्या टकुऱ्यात शिरलं न्हाई.

आन् सत्ताविसाव्या दिवशी, काय सांगू तुमास्नी! चिव! चिव! नऊ पिल्लं! आख्ख्या आळीला... आळी कुठली, वस्तीवर आमीच, मग नानासोला बलावून आनला. एक काळं, दोन ठिपक्याठिपक्यांची, बाकीची तांबूस, आन् समद्यांची मान उघडी, एक पीस न्हाई! म्हणलं, "बग नानासो, इंग्लिश फॅशन. कॉलर न्हाई." नानासोनं लांबनं बगितलं, जवळनं बगितलं, म्हनला, "हवालदार, इंग्लिश असतीलबी, पर मान माज्या कोंबड्यावर गेलीया की!" त्येच्याकडं एक मानकापा कोंबडा हुता, उघड्या मानेचा, सारखा आमच्या उकिरड्यावर. म्हणलं, जळतंय बेनं!

पर पैज अजून संपली न्हवती, पिल्लं जगवायची हुती. वरनं घार, खालनं मुंगूस, आन् घरात ठकी! दीसभर काठी घिऊन मी त्यांच्या मागं, जेवन बी उभ्यानं. एक दिवशी दुपारी डोळा लागला. तुमी म्हनाल मिल्ट्रीचा मानूस पहाऱ्यावर झोपला? आवं, डोळा लागला, झोपलो न्हाई! एकदम गलका. बगतोय तर ठकीनं झेप घेतल्याली, आन् मधी सुभेदार! त्येनं ठकीला नुसतं नाकानं ढुसनी दिली, ती गेली भेलकांडत ती थेट कुडावर. आन् नऊच्या नऊ पिल्लं सुभेदाराच्या पोटाखाली! एक तर त्येच्या मोडल्या कानाला चोच मारतंय, आन् ह्यो हलत न्हाई. मला लय बरं वाटलं आन् लय राग बी आला. माजा पहारा, आन् काम ह्येचं!

दोन महिनं झालं. पिल्लं आपली आपून चराय लागली. मी पैज जिकलो! म्हणलं आता नाव बदलायच्या आधी ह्येची जागा झाडून काढू, म्हनून गोठ्यातलं त्येचं पोतं उचललं. खाली काय? अंड्याची टरफलं. पांढरीफेक. आन् त्येच्यावर निळ्या पेन्सलीनं, माज्या अक्षरात... सात! अकरा! चौदा!

"चोर!" म्हणलं, "राहे, बाहेर ये! सुभेदारानं इंग्लिश अंडी खाल्ली! कोर्ट मार्शल!" ती हात पुसत बाहेर आली, म्हनली, "त्यास्नी बोलू नगा. मीच घातली. तुमी बारशाला गेल्ता तवा." "आन् ही पिल्लं?" "नानासोच्या घरनं अकरा अंडी आनली. तुमी कोंबडी हलवून खाली कवा बगितलंच न्हाई. आवं, पोल्ट्रीत पिंजऱ्यात नुस्त्या कोंबड्या. कोंबडा न्हाई तर अंड्यात जीव कुठनं यायचा? म्हनून तर पयल्या दिवशी इचारलं, कोंबड्याची हायती का!"

आई शपथ! डोस्क्यात उजेड पडला आन् तोंडावर अंधार. चावडीम्होरं धा मानसं हसत हुती... त्यांनी हसावं म्हनून मी तीनदा सांगितलं हुतं! म्हणलं, "मग जिकत हुतीस की, बदललीस कशाला?" तर ती तिकडं तोंड करून म्हनली, "सतरा वर्सांनी घरात एक काम हातात घेतलं तुमी. ते वाया जाऊ द्यायचं व्हय?"

मी पोतं परत जाग्यावर हातरलं. मग म्हणलं, "पैज मी हारलो. पर एक सांग, त्येचं नाव सुभेदार का?" म्हनली, "तुमी तिकडं लढाईवर, चार चार महिनं पत्र न्हाई. वस्तीवर मी एकटी. कोन अनवळखी दारात आला की आतनं म्हनायची, सुभेदार, बगा वो कोन आलंय. घरात गडीमानूस हाय म्हनून आल्याला परत फिरायचा."

माज्या डोळ्यांत पानी आलं, लपवत न्हाई. तरी म्हणलं, "आगं मग हवालदार ठेवायचं नाव! माजा हुद्दा!"

तर म्हनती कशी, "हवालदाराला कोन भितंय!"

झालं. तवापास्नं रोज सकाळी, शेताला फेरी मारून आलो की दारात उभा ऱ्हातो, टाचा जुळवतो, सलाम ठोकतो. ठकी माज्या कांबळ्यावरनं बगती. आतनं राहीबाई वरडती, "सुभेदार, त्यास्नी आत येऊ द्या!" आन् त्येनं शेपूट हलवलं की मगच मी उंबरा वलांडतो... मिल्ट्रीचा मानूस हाय मी, हुकमाबिगर पाऊल उचलत न्हाई.