शेवटचे बोलणे सरांना देऊ नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मोसेत्लाने गावाचे प्रमुख खोसी केबादिरे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सरांच्या सहधर्मचारिणी मा सेबीना, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आदरणीय मुख्याध्यापक मोथोबी सर, आणि शाळेच्या अंगणात बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

वडीलधाऱ्यांसमोर मी चार ओळी लिहाव्यात हेच धाडस. त्याबद्दल प्रथम क्षमा असावी. सभेत माझा आवाज फुटत नाही. म्हणून हे भाषण उपमुख्याध्यापक रा दिफोको यांनी वाचावे आणि त्यातील एकही वाक्य गाळू नये, अशी विनंती मी केली आहे.

सरांचे चरित्र मी काय सांगणार? आपण ते पाहिले आहे. परकी सत्ता असताना नदीच्या कोरड्या पात्रातली माती वाहून त्यांनी या शाळेच्या विटा पाडल्या. स्वातंत्र्यासाठी लॉरीच्या टपावरून भाषणे केली. मंत्री झाले, आणि एके दिवशी राजीनामा देऊन परत फळ्यापुढे उभे राहिले. का? "तिथं आधी ठरवतात आणि मग विचारतात," एवढेच ते म्हणाले. मा सेबीनांचे मत निराळे आहे: "मंत्री होते तेव्हा रविवारी तरी दिसायचे. शाळेनं तोही नेला!"

आपल्या खोत्ल्यात, गावसभेत, ज्याला धड बोलता येत नाही त्यालाही बोलू देतात. प्रमुखाने सर्वांत शेवटी बोलायचे, आणि तेही स्वतःचे नव्हे, सभेचे म्हणणे. ही रीत सरांनी शाळेत आणली. आमच्या आज्यांना जिथे तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तिथे त्यांनी मुलींना उभे केले. मीही एकदा उभी राहिले होते. शब्द फुटेना. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "आता पाऊस पडल्यावर बोलणार का गं?" सर म्हणाले, "थांबा. सभा तिच्यासाठी थांबली आहे." बऱ्याच वेळाने मी म्हटले, "लापशीत किडे आहेत." सरांनी शेवटी उठून सभेचे म्हणणे गंभीरपणे जाहीर केले: "लापशीत किडे आहेत." त्यांचे स्वतःचे ताट तोवर चाटूनपुसून झाले होते.

परंतु मंडळी, याच रीतीत सर अडकले आहेत. हा त्यांचा पहिला निरोप समारंभ आहे का? नाही, तिसरा! दर वेळी पुरुषमंडळी मोठ्या हंड्यांत मांस शिजवून कुटतात, दर वेळी शाळा समितीचे रा मोलेफे उठतात आणि म्हणतात, "सर, दुष्काळ आहे, नवा माणूस नाही. एवढं एक वर्ष काढा." माना डोलतात. मग सरांना शेवटचे बोलायला सांगतात. ज्याने सभेचेच म्हणणे सांगायचे, तो दुसरे काय सांगणार? "सभा थांब म्हणते. थांबतो." गेल्या वर्षी मा सेबीनांनी लॉरीत चढवलेले बोचके खाली घ्यायला लावले. म्हणाल्या, "उतरवा रे. मांस मात्र छान कुटलं होतं."

ऑगस्टच्या सुटीत मी सरांना भेटले. पायरी चढताना ते भिंत धरत होते. धीर करून विचारले, "सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

ते पायरीवरच टेकले. मग म्हणाले, "हे मला कुणी विचारलंच नाही, पोरी. थकलो गं. गुरांच्या तळावर जाऊन बाभळीखाली नुसतं बसायचं आहे. पण शेवटी बोलणाऱ्याला स्वतःचं म्हणणं नसतं."

"मी सांगू का सभेला?"

"तू? आणि बोलणार?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग डोळे पुसत म्हणाले, "सांग."

म्हणून सांगते. सर थकले आहेत. त्यांना जाऊ द्या.

आणि नवा माणूस? तो आपल्यापुढे उभा राहून हे वाचतो आहे. केस पिकू लागले तरी आपण त्यांना वासरू म्हणतो. ही शाळा मात्र गेली कित्येक वर्षे त्यांच्याच खांद्यावर आहे. रा दिफोको, हे वाक्य आवाज न उतरवता वाचावे.

अध्यक्षमहाराज, एकच मागणे आहे. या वेळी सरांना बोलायला सांगू नका. त्यांना माईक दिलात, तर ते थांबतील. हे वाचन संपताच आपण 'पुला!' म्हणून पावसाला हाक द्यावी. त्या हाकेने आपली सभा उठते आणि पुढे कुणी बोलत नाही.

आपण ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर पोटात घालावा.

आता सर्वांनी, सरांच्याही आधी: पुला! पुला!

ओनालेथुसो सेइतेई
अध्यापक विद्यालयातून टपालाच्या बसने रवाना: मंगळवार, २० सप्टेंबर १९८३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.