न उघडलेली पत्रिका

बसा हो, बसा, विचारताय काय त्यात — ती खिडकीजवळची खुर्ची तेवढी सोडून, तिच्यावर माझी बॅग उगीच नाही ठेवलेली, सांगते पुढे — आणि मोबाइल लावा इथे, अख्ख्या कॅफेत चार्जिंग होतं ते याच टेबलापाशी, म्हणून तर मी साडेनऊला येऊन हे टेबल धरते. रोज? रोजच! ऑफिस आहे हे माझं. वॉशिंग मशीनच्या तक्रारींना उत्तरं देते मी. लोक लिहितात, मशीन नाचत नाचत न्हाणीच्या दारापर्यंत आलं, मी लिहायचं, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. घरून का नाही करत? अहो, घरून काम म्हणजे आमच्याकडे पोरगी रिकामी! जरा कोथिंबीर निवड, जरा गॅसवाल्याला दार उघड. त्यापेक्षा तुंगार्लीचा चढ चढून आलेलं परवडलं.

आणि माणसं काय एकेक बघायला मिळतात! तो बघा, वर कडक शर्ट आणि टेबलाखाली बर्म्युडा — साहेबाला वाटतंय हा ऑफिसात बसलाय. त्या दोघी मघापासून कॉफीचे फोटो काढताहेत, साय धरली तरी पिणार नाहीत. मला ना, माणूस दारातनं आत आला की कळतं कोण आहे ते. तुम्ही? ओळखलं की! सांगू? सफारीला इस्त्री, दर दोन मिनिटांनी घड्याळ, पिशवीत डबा — म्हणजे चिक्की घेऊन झालीय, मंडळी भुशी धरणावर भिजायला गेलीत आणि गुडघ्यांमुळे तुम्हाला मागे ठेवलंय. हसलात! बरोबर ना?

एक मिनिट हं, नागपूरच्या बाई पुन्हा चिडल्यात... दिलगीर आहोत... झालं. आज जरा जास्तच बोलतेय ना मी? काय करू, आज पाच वाजता आमच्या घरी चौकशीला येताहेत. माझ्या! घरात थांबले असते तर आईनं पडदे धुवायला लावले असते. मुलगा? सांगते की — पण आधी आमचा मूर्खपणा ऐका. जानेवारीत शालनमावशींनी, म्हणजे आईची मैत्रीण, अर्ध्या मावळाची लग्नं त्यांच्या फोनमध्ये असतात, एका मुलाचा बायोडेटा आणि पत्रिका पाठवली. मुलगा तळेगावचा. मी म्हटलं, लोणावळ्यातनं उठायचं ते पाच स्टेशनं ओलांडून तळेगावात पडायला? नको! फाइल उघडलीसुद्धा नाही. आता नकार कळवायचा कसा? आपल्याकडे त्याची एकच रीत — पत्रिका जुळत नाही. कुणाचं मन दुखत नाही, दोष सगळा ग्रहांच्या माथी. आईनं कळवून टाकलं.

आणि जूनमध्ये इथे एक जण यायला लागला. धरणाच्या कामाचे नकाशे काढतो. दोन महिने आमचं बोलणं काय, तर ‘तुमचं झालं की मला चार्जर द्या.’ मग एक दिवस इथलं वायफाय गेलं, मी म्हटलं, माझ्या फोनचं घ्या — आणि फोनच्या हॉटस्पॉटला माझं नाव आहे ना, अगदी आडनावासकट! ते वाचून हा बघतच राहिला. म्हणाला, ‘कौमुदी? म्हणजे आपली पत्रिका जुळत नाही, त्या तुम्हीच का?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! घरी गेल्या गेल्या फाइल उघडली. अंगात कोट — कुणाचा होता कोण जाणे, बाह्या पार बोटांपर्यंत — पण नाक तेच हो! रुचिरच!

उंची? तुम्हाला कशाला हवीय उंची! आहे चांगला उंच. तर सांगत काय होते — मन बदललं म्हणून सांगता येतं, पण ग्रह बदलले म्हणून कसं सांगणार? आईनं डोकं लढवलं. म्हणे जन्मवेळ सकाळची होती, आम्ही चुकून रात्रीची धरली. मावशींना पटलं. पण रुचिरचे बाबा! रेल्वेत गार्ड होते ते, कुठेही तासभर आधी पोचणारे. एका मिनिटाचा फरक न चालणाऱ्या माणसाला बारा तासांचा कसा पटायचा? रुचिरचं हो आहे, माझं हो आहे, घोडं अडलंय ते त्यांच्यापाशी, आणि आज चौकशीला येताहेत ते तेच. आणि ते नाही म्हणाले तर वडिलांचं मन मोडून रुचिर यायचा नाही, मी ये म्हणणारही नाही. पण मला फार आवडतो हो तो. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला चालत नाही, म्हणून ती बॅग.

तुम्ही त्याच्या बाबांच्या जागी असतात तर काय केलं असतं? काय? तुमचीसुद्धा जुळली नव्हती? तरी केलंत लग्न? चौतीस वर्षं! आणि अजून तुम्हीच सकाळचा चहा करता? अहो, हे त्याच्या बाबांना कुणीतरी सांगायला हवं!

निघालात? भुशीची वाट इकडून नाही. भुशीला नाही जायचं? मग? पत्ता शोधताय होय, आणा, सांगते मी — अक्षर आमच्या शालनमावशींसारखं आहे — हां, पोस्टावरून उजवीकडे वळा, पिठाची गिरणी लागेल, तिच्या मागे निळं फाटक, दारात पारिजातक, तेच आमचं...

...

काका, तुम्ही गार्ड होतात का हो?

नको, बोलू नका काही! अरे देवा, काय काय सांगितलं मी तुम्हाला — फाइल उघडली नाही हे, आईचं ते सकाळ-रात्र, तो कोट — कोट तुमचाच होता ना? तरीच! आणि मी म्हणे माणूस दारातनं ओळखते! त्या डब्यात मग काय आहे? चिक्की नाही? पेढे? पण चौकशीला कुणी पेढे घेऊन येतं का? म्हणजे घरातनं निघतानाच तुम्ही... काका! नको, नको, हे इथे बोलूच नका, घरी जाऊन आईसमोर बोला. उठा आता. मी मागच्या दारानं येईन, आणि तुम्ही मला आज पहिल्यांदाच बघताय हं. आणि आई ती जन्मवेळेची गोष्ट सांगेल, दोन दिवस पाठ करतेय बिचारी, तर तिला शेवटपर्यंत सांगू द्या. मध्येच हसू नका. जा!